अखाजीचा पोतारा

मले राग लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कोणी माही कीव करत बसणार नाही. लगन होऊन मलकापुरात आली तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होती, अन् पहिल्याच महिन्यात नळावर एका बाईच्या डोक्शात कळशी घातली. तिनं माही भरलेली बादली लाथेनं उडवली होती. तिच्या कपाळातून रक्त निघालं, माह्या हातातल्या बांगड्या फुटल्या, अन् सासू आमच्या दोघींच्या मधात उभी राहून दोघींलेही झाडूनं बडवत होती. आमच्या गल्लीतले भांडणं असेच राहत. तोंडानं सुरू होत अन् हातावर येत. दुसऱ्या दिवशी तीच बाई माह्याकडे विरजण मागाले आली.

गल्ली म्हणजे बारा घरं. स्टेशनापासून जवळ, कापसाच्या जिनाच्या मागं. मातीच्या भिती, वर कवेलू, दारात नाली. बहुतेक माणसं जिनात नाहीतर कापसाच्या गठाणी बांधाच्या प्रेसमध्ये हमाली करत. आमच्या घराची जागा सासऱ्यानं इकत घेतली होती, अन् भिती त्यानं अन् सासूनं दोघांनी मिळून उभ्या केल्या होत्या. सासू म्हणे, या भितीतली माती मी माह्या पायानं तुडवली, तेव्हा तुहा नवरा माह्या पोटात होता. सासरे माह्या समोर वारले, ही गोष्ट घडली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. मी त्यांचं लय केलं नाही, पण त्यांनी मले कधी शिवी दिली नाही, हे मले याद हाये.

नवरा गठाणी उचलायचा. उजव्या हातात लोखंडी आकडा, तो गठाणीत खुपसायचा अन् पाठीवर घ्यायचा. तोंडावर मी त्याले तुमी म्हणत होती, पण इथं लिहिताना तो म्हणते, जवळचा वाटते. तो बोलत नव्हता. मी दिवसभर बोलत राहू, अन् तो जेवता जेवता मधातच म्हणे, “झालं का तुहं?” एवढंच. त्याच्या अशा बोलण्याचा मले लय राग येई, अन् त्याच्यावाचून करमतही नसे.

आपला महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडेच वर्षं झाले होते. सरकारले आमच्या गल्लीच्या जागेवर कापसाचा बाजार करायचा होता, अन् रस्त्याच्या अंगानं व्यापाऱ्यांसाठी दुकानांचे गाळे बांधायचे होते. नोटिसा आल्या. बायांमध्ये मीच एक चौथी शिकलेली, म्हून मीच मोठ्यानं वाचल्या. सार्वजनिक कामासाठी जागा घेण्यात येत आहे, असं लिहिलं होतं. म्हातारे म्हणले, सार्वजनिक म्हणजे का? मी म्हणली, म्हणजे आपलं सोडून बाकी सगळ्यांचं. माणसं दोन-तीन खेपा कचेरीत जाऊन आली. एकदा तर दिवसभर व्हरांड्यात बसवून ठेवलं अन् पाच वाजता साहेब मागच्या दारानं निघून गेला. मंग माणसं पुन्हा गेली नाहीत. हमालाचा एक दिवस बुडाला का चूल बुडते.

चैत सरत आला तेव्हा एक कारकून, एक शिपाई अन् डांबराचा डबा असे तिघं गल्लीत आले. तिघं म्हणते, कारण त्या डब्याचाच मान जास्त होता. कारकून कागदावर लिही अन् शिपाई दाराच्या बाजूच्या भितीवर डांबरानं मोठा आकडा काढे. वीतभर उंच. जनावराले डाग देतात तसा. आमच्या भितीवर सातचा आकडा पडला. डांबराचा ओघळ पार खालच्या ओट्यापर्यंत आला.

“हे कायले?” मी विचारलं.

“सरकारी काम हाये,” शिपाई म्हणला. “हात नका लावू याले.”

बस, एवढं बोलला तो. मी सारवणाचं शेणपाणी घेऊनच बसली होती. तो पुढच्या घराकडे वळला अन् मी अर्धी बादली त्याच्या पाठीवर ओतली. त्यानं फिरून मले ढकललं, मी ओट्यावर पडली, कोपर सोललं. सासू विळा घेऊन बाहेर आली तेव्हा कारकून मधात पडला अन् त्याले ओढून घेऊन गेला. बाया हसल्या. मले त्या दिवशी लय मोठी झाल्यासारखं वाटलं. पण हे आकडे कशासाठी काढले, हे विचाराचं राहूनच गेलं. मी विचारलं ते भांडण्यासाठी विचारलं, उत्तर ऐकाले थांबलीच नाही.

मंग अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे अखाजीले घरचे गेलेले माणसं पाणी प्याले दारात येतात. त्यांच्या नावानं घागर भरायची, आंब्याचा रस, पोळी, कुरड्या. अन् त्याच्या आधी सगळ्या घराले पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा. काळवंडलेल्या भितीच्या घरी ते उंबऱ्यातूनच परत जातात, असं म्हणत. अन् त्या साली तर सासऱ्याची पहिली घागर होती. सासूनं खदानीतून पांढरी माती आणून दोन दिवस भिजू घातली होती. मी पोतारा द्याले बसली, सगळी भित पांढरी फक्क झाली, पण सातचा आकडा काही झाकेना. एक हात दिला, दोन दिले, डांबर खालून दिसेच.

सासू ओट्यावर बसून पाहत होती. म्हणली, “तुह्या सासऱ्यानं ही भित बांधली. तो दारात आल्यावर त्याले हे काळं दाखवतं का?”

मी खुरपं घेतलं अन् तो आकडा खरडून काढला. मातीसकट. भितीत खोबणी पडली, ती ओल्या मातीनं बुजवली अन् वरून पोतारा फिरवला. झाली भित कोरी. इथंच थांबली असती तर आज लिहाले काही नसतं. पण मी थांबणारी बाई नव्हती. समोरच्या घरी गेली, म्हणली, तुमच्या घरचे पितर काय डांबर प्याले येणार हायेत? त्या घरची बाई हसली. तिचा आकडा मी काढून दिला. मंग तिच्या बाजूचा. दुपारपर्यंत मी खुरपं घेऊन साऱ्या गल्लीत फिरली, अन् ज्या बाया आधी भीत होत्या त्याही पदर खोचून खरडाले लागल्या. एकच घर राह्यलं, टोकाच्या म्हातारीचं. मी नळावर जिच्या डोक्शात कळशी घातली होती तिची ही सासू. ती दारात काठी घेऊन बसली. म्हणली, “माह्या भितीले हात लावशीन तर हात मोडून ठेवीन.” मी म्हणली, “राहू दे बाई, तुह्या घरी तसेही कोणी पितर येत नाहीत.” तिनं खरंच काठी फेकून मारली. माह्या पायाच्या नडगीवर बसली. तिचा बाराचा आकडा तसाच राह्यला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. भितीकडे पाह्यलं. बोटानं ओली माती दाबून पाह्यली. मले वाटलं आता काही बोलन. तो म्हणला, “झालं का तुहं?” अन् हात धुवाले गेला.

अखाजी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळचं पाणी भरून झालं होतं. आधी पोलिसांची गाडी आली, मंग सबली अन् फावडे घेतलेले मजूर आले. मजूर बाहेरगावचे होते, आमच्याकडे पाहत नव्हते. त्यांच्या मागून कचेरीतला साहेब आला. निंबाखाली त्याच्यासाठी खुर्ची टाकली. तोच कारकून कागद घेऊन बाजूले उभा. घरातून सामान काढाले एक तास दिला. एका तासात कोण काय काढते? मी पीठ काढलं, सासूनं सासऱ्याच्या नावाची घागर काढली, अन् चुलीवरची डाळ तशीच राह्यली.

पहिलं घर पाडलं तेव्हा त्या घरची बाई आत जाऊन बसली होती. दोन शिपायांनी तिले पायाले धरून ओढत बाहेर आणलं. तिचं लुगडं सुटलं. तिचा नवरा धावला, त्याच्या पाठीत काठ्या बसल्या. एकानं मारलं अन् तो पडला, तो पडल्यावर तिघांनी मारलं. मंग मयाल सोडली. मयाल म्हणजे छपराचा मधला दांडा, तो काढला का कवेलू आपोआप खाली येतात. तो आवाज मले अजूनही झोपेत ऐकू येते. खाली कोंबड्या होत्या, त्या काढाच्या राहून गेल्या होत्या. धूळ बसल्यावर एक कोंबडी अर्धी बाहेर अन् अर्धी कवेलूखाली, पंख मारून राह्यली होती. आमच्यातल्या कोणीतरी दगड फेकला. तो शिपायाच्या टोपीले लागला, अन् मंग त्यांनी बाया-माणसं पाह्यलंच नाही. माह्या खांद्यावर एक काठी बसली, सासूच्या कमरेत एक. मी दातानं एका शिपायाचं मनगट धरलं. त्यानं माह्या तोंडावर कोपर मारलं तेव्हा सुटलं. तोंडात त्याचं रक्त होतं का माहं, समजलं नाही. मी हे सांगते ते अशासाठी का मी भेकड नव्हती. त्या दिवशी तोपर्यंत तरी नव्हती.

साहेब उठला. त्यानं काठ्या थांबवल्या. तो चांगल्या घरचा दिसे, आवाज चढवत नव्हता. म्हणला, “यादीप्रमाणे एकेक घर ताब्यात घ्या.” कारकून भितीभितीजवळून फिरला अन् परत आला. म्हणला, “साहेब, बारामधले अकरा नंबर गायब आहेत. खरडून काढलेत. खुरप्याच्या खुणा दिसतात.”

“कोणी पुसले?” साहेबानं विचारलं.

गल्ली ती गल्ली. बायांचे डोळे माह्याकडे वळले, मंग लगेच खाली गेले. साहेबानं ते पाह्यलं का नाही, मले माहीत नाही. तो पुन्हा म्हणला, “मी एकदाच विचारतो. नंबर कोणी पुसले?”

मले बोलाचं होतं. खरंच सांगते. मी पुढं एक पायही टाकला होता. पण समोर त्या पहिल्या घरचा माणूस धुळीत पडलेला होता, त्याच्या कानातून रक्त येऊन राह्यलं होतं, अन् तो उठत नव्हता. टाकलेला पाय मी मागं घेतला. जी बाई शिपायाच्या अंगावर शेण टाकते, दातानं चावते, तिच्या तोंडून तीन शब्द निघाले नाहीत. मी पुसले साहेब. एवढंच म्हणाचं होतं.

“मी पुसले,” मागून आवाज आला.

माहा नवरा. तो निरोप ऐकून प्रेसमधून तसाच धावत आला होता, अंगाले कापूस चिकटलेला. ज्या दिवशी आकडे खरडले त्या दिवशी तो गल्लीत नव्हताच. सगळ्याले माहीत होतं. कोणी बोललं नाही.

“काऊन पुसले बे?” पोलिसांच्या जमादारानं विचारलं.

“राग आला म्हून पुसले,” तो म्हणला. त्याच्या तोंडात राग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

साहेब खुर्चीकडे परतला, अन् जमादारानं नवऱ्याची मान धरून त्याले आमच्या उंबऱ्याशी नेलं अन् गुडघ्यावर बसवलं. म्हणला, “कोणत्या हातानं पुसले?”

तो डावा म्हणू शकत होता. मी मनात म्हणून राह्यली होती, डावा म्हणा, डावा म्हणा. पण त्याले खोटं बोलाची सवय नव्हती. एक खोटं बोलून त्याचं सगळं खोटं संपलं होतं. अन् माणूस खरडते ते उजव्यानंच. त्यानं उजवा हात पुढं केला. जमादारानं तो उंबऱ्यावर ठेवला, वरून बूट दिला, अन् काठीनं बोटांवर मारलं. मी मोजले नाही. पहिल्या दोन-तीन माराले तो ओरडला, मंग ओरडलाही नाही. सासू जमिनीवर डोकं आपटून राह्यली होती. अन् मी उभी होती. माह्या हातापायाले कोणी धरलं नव्हतं. मी उभी होती.

मंग आमचं घर पाडलं.

अकरा घरच्यांले काहीच भेटलं नाही. म्हणजे घराचं कायतरी मिळालं, ते उशिरा अन् नावाले. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट अशी होती का स्टेशनाच्या पल्याड सरकारनं बारा जागा आखल्या होत्या, नवीन घरं बांधाले. ज्याच्या भितीवर नंबर, त्याले जागा. टोकाच्या म्हातारीले ती भेटली. बाकीच्यांनी सरकारी खुणा मुद्दाम पुसल्या, कामात अडथळा आणला, म्हून त्यांचा हक्क गेला. हे समजलं त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी मले जिनाच्या फाटकात गाठलं. केस धरून खाली पाडलं. एकीनं छातीवर गुडघा दिला, एकीनं नखानं गाल फाडला. तुह्यापायी, तुह्यापायी, एवढंच म्हणत होत्या. मी हात उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मार खाल्ला अन् परत केला नाही.

आम्ही वडनेर भोलजीले सासूच्या भावाच्या गोठ्यात राहाले गेलो. हाडं बसवणाऱ्यानं नवऱ्याच्या बोटांले कामट्या बांधल्या. कामट्या सुटल्या तेव्हा बोटं जशी होती तशीच राह्यली, वाकडी अन् उघडी. मूठ वळत नव्हती. गठाणीचा आकडा धरता येत नव्हता. मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जात होती, अन् तो घरी बसून डाव्या हातानं दोऱ्या वळाचा. एका हातानं दोरी वळत नाही, तो पायाच्या अंगठ्यात धरून वळाचा. मले त्याच्याकडे पाहवत नव्हतं. सासूनं एक दिवस मले विचारलं, “तू बोलली काऊन नाही?” मी म्हणली, भेव वाटला. तिनं मले एक थापड मारली, कानशिलात, पूर्ण जोर लावून. मंग तिथंच बसून रडाले लागली. म्हणली, “पोतारा तर मीच सांगलता.”

त्या थापडीनं मी उठली. पायी नांदुऱ्याले गेली, तिथून गाडीनं मलकापूर, अन् थेट कचेरीत त्या कारकुनापुढं उभी राह्यली. म्हणली, “जबाब लिहून घ्या. नंबर मी पुसले. माह्या नवऱ्यानं नाही. अखाजीचा पोतारा द्याचा होता, डांबर झाकत नव्हतं, म्हून खरडलं. गल्लीतल्या बायांलेही मीच सांगितलं.”

कारकुनानं चष्मा काढला. तो वाईट माणूस नव्हता, हे मले आजही म्हणा लागते. म्हणला, “बाई, हे आज सांगता?”

“आज सांगून राह्यली. लिहा.”

“आता लिहून काही होत नाही. फाईल वर गेली.” मंग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणला, “त्याच दिवशी एखादी बाई पुढं येऊन म्हणली असती ना, का सणाचा पोतारा दिला, त्यात नंबर गेले, तर साहेबांनी पुन्हा नंबर टाकाले लावले असते. मी डांबर संगच आणलं होतं. सणावारी असं होतेच, साहेबाले ठाऊक होतं, म्हून तर विचारत होते. पण गडीमाणूस म्हणला, रागानं पुसले. मंग ती बदमाशीच झाली. मंग कोणाच्याच हातात काही राहत नाही.”

मले आधी समजलंच नाही. मंग समजलं. मी त्याले म्हणली, “मंग तुमी आम्हाले सांगितलं काऊन नाही, का नंबर कशासाठी हायेत?”

तो म्हणला, “तुमी विचारलं काऊन नाही?”

मी टेबलावरून त्याची गचांडी धरली. दौत सांडली, कागद उडाले, त्याचा सदरा गळ्यापासून फाटला. मी त्याले मारत होती अन् मलेच शिव्या देत होती, हे मले मंग आठवलं. दोन शिपायांनी मले ओढलं. एकाच्या हातात माह्या कानातलं फूल अडकलं, कानाची पाळी फाटली. त्यांनी मले पायऱ्यांवरून खाली लोटलं.

दिवस बुडता बुडता मी वडनेरले पोचली. नवरा गोठ्याच्या दारात बसला होता. माह्या कानातून पदरावर रक्त सांडलेलं पाहून उठला. डाव्या हातानं माहं डोकं धरून कान पाह्यला, पाण्यानं धुतला, हळद दाबली. कुठं गेलती, त्यानं विचारलं नाही. त्याले समजलं असन.

“काय म्हणला कारकून?” हात धुता धुता त्यानं विचारलं.

तो कारकून जे म्हणला ते माह्या ओठापर्यंत आलं होतं. तुमी चूप राह्यले असते अन् मी बोलली असती, तर तुमचा हात राह्यला असता, बारा घरांले जागा भेटली असती. तुमी माह्यासाठी जे केलं त्याच्यानंच सगळं गेलं. हे मी त्याले सांगाले पायजे होतं का? आज म्हातारी झाली तरी मले याचं उत्तर येत नाही.

“उशीर झाला म्हणे,” मी म्हणली.

“जाऊ दे,” तो म्हणला. “एक बरं झालं. त्या दिवशी तू बोलली असती तर त्यांनी तुह्या हाताचं असं केलं असतं.”

मी “हाव” म्हणली. मंग ताट वाढलं, अन् त्याची भाकर मोडून त्याच्यापुढं ठेवली.